डोकं दाराकडे

बर्फ कापण्याचा पगार मिळतो, हे तिच्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. "बर्फच ना तो? ठेवून द्या उन्हात, आपोआप होईल लहान," असं त्या म्हणायच्या आणि स्वतःच्याच बोलण्यावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कुणी बायकोबद्दल विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं. "मी लोकांना वर नेतो, ही शून्याच्या खाली वीस जाते. आमचा संसार मधल्या मजल्यावर चाललाय."

संस्थेत सगळे तिला मावशी म्हणत, अगदी ती तिशीची होती तेव्हापासून. विज्ञानाची पदवी घेऊन प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून आली होती. शीतखोलीत कुणी सहा महिन्यांवर टिकत नाही, म्हणून नव्या माणसाला तिथे ढकलायची पद्धत होती. तिलाही ढकललं. ती सव्वीस वर्षं टिकली.

खोली म्हणजे एक लांबट पांढरी पेटीच. डाव्या अंगाला जाड दार, दारात हाताच्या पंजाएवढी काच. मधोमध पट्ट्याची करवत आणि तिचं टेबल. करवतीपाशी उभं राहिलं की पाठीमागे येणाऱ्या भिंतीला दुसरं टेबल, तिथे पिशव्या आणि शिक्के. आत उणे वीस. अंगात कापूस भरलेला जाड पोशाख, आतून सुती मोजे घालून त्यावर प्लास्टिकचे हातमोजे, तोंडावर फडकं. फडकं थंडीसाठी नव्हे, बर्फासाठी. माणसाच्या श्वासात आणि घामात जे असतं ते बर्फावर बसलं तर यंत्र तेच मोजत बसणार. म्हणून हाताला मलम नाही, अत्तर नाही, केसांना तेल नाही. तिच्या बोटांना बाराही महिने भेगा असायच्या. मुलगा लहान असताना तिने गालावरून हात फिरवला की म्हणायचा, "आई, नको ना, पॉलिशपेपर."

हा बर्फ कारखान्यातला नव्हता. ध्रुवाकडे पडलेला हिम वितळत नाही, वर्षावर वर्ष थर दबत जातो. तिथे खोल नळी घालून दंडाएवढ्या जाड बर्फाच्या कांड्या काढतात आणि गोठवलेल्या डब्यांतून जगभर पाठवतात. ज्या वर्षीचा थर, त्या वर्षीची हवा बुडबुड्यांत अडकलेली. शिवाय हवेतून खाली आलेलं सगळं: समुद्राचं मीठ, वाळवंटाची धूळ, ज्वालामुखीचं आम्ल, पेटलेल्या जंगलांचा धूर. विभागाचे सर नव्या मुलांना सांगत, "हवेने जे जे खाल्लं, ते इथे ओकून ठेवलंय. आपण ते बघणारे डॉक्टर." आणि तिच्याकडे बोट करून, "आणि चाकू यांच्या हातात."

प्रत्येक कांडी हातभराहून थोडी लांब. काढतानाच तिच्या पाठीवर बाण काढलेला असे. बाणाचं टोक वरच्या बाजूला, म्हणजे नव्या वर्षांकडे. मावशींचं काम असं, की बाणाची बाहेरची फळी कापून पिशवीत घालायची, ती साठ्यात जायची. आतला दोन बोटं रुंद चौकोनी गाभा तेवढा वितळवायच्या यंत्राकडे पाठवायचा. गाभ्यावर खूण करायची सोय नव्हती, शाई चालत नाही. फळी कापून बाजूला झाली की गाभ्याला वर काय नि खाली काय, दोन्हीकडून सारखाच पांढरा. म्हणून तिने स्वतःच एक नियम केला होता: डोकं दाराकडे. वरचं टोक कायम दाराच्या दिशेला, पहिल्या कापापासून ते बाण छापलेल्या पिशवीत जाईपर्यंत. नवं माणूस आलं की ती एवढं एकच शिकवायची. "बाकी सगळं विसरलास तरी चालेल. डोकं दाराकडे."

ज्या दिवशी तिचा तो नियम मोडला, किंवा मोडला असावा, तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता.

कांडी तेराशे चार. इतक्या खोलवरच्या बर्फात हवा दाबून दाबून बसलेली असते, वर आली की बर्फ तडकतो. त्या कांडीची तर दोन्ही टोकं भुगा झाली होती, मागच्यापुढच्या कांडीशी जोडून बघायची सोयच नव्हती. तिने जपून गाभा काढला, फळी पिशवीत घातली, आणि काचेवर टकटक झाली. बाहेर भांडारपाल एका हाताने कानाशी फोन असल्यासारखं करत होता आणि दुसऱ्या हाताने स्वतःची हनुवटी दाखवत होता.

मुलाच्या शाळेतून फोन होता. तिने गाभा करवतीपासून दूर, पाठीमागच्या टेबलावर ठेवला आणि ती जाड पोशाखातच जिना उतरली.

पोरगा खेळाच्या लोखंडी दांड्यावरून पडला होता. हनुवटीला तीन टाके. ती पोचली तेव्हा बाकावर बसून बिस्किट खात होता. तिला बघून म्हणाला, "तू अंतराळवीर दिसतेस." ती हसली आणि मग भिंतीकडे तोंड करून रडली. नवरा आला, तिने मुलाला त्याच्या हवाली केलं आणि तशीच परतली, कारण उघड्यावर ठेवलेला बर्फ त्या कोरड्या थंडीतही झिजतो. पोचताच तिने गाभा उचलला, पिशवीत सरकवला, शिक्का मारला आणि पुढची कांडी घेतली.

संध्याकाळी बाहेरच्या उबदार खोलीत चहाचा पेला दोन्ही हातांत धरला, तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि तो नको तेव्हा पडला. करवतीच्या टेबलाशी उभं राहिलं की दार डाव्या हाताला. पाठीमागच्या टेबलाशी, भिंतीकडे तोंड करून, उजव्या हाताला. आपण सवयीने डावं टोक वर धरलं का? ठेवताना डोकं कुठे होतं? तिला टेबल आठवेना. डोळ्यांपुढे फक्त भांडारपालाची हनुवटी यायची.

दुसऱ्या दिवशी ती आठला पोचली. सातच्या पाळीने कालचे गाभे यंत्राला लावले होते. तेराशे चारचं पाणी झालं होतं.

सांगायला हवं होतं, आणि सरांना सांगायचं एवढंच होतं, की मला खात्री नाही. पण दोनच आठवड्यांपूर्वी ते म्हणाले होते, "बाई, मुलाचे फोन जरा कमी करा. त्याला वडील आहेत ना?" आणि चुकलंच आहे असं तरी कुठे होतं? अर्धी शक्यता बरोबर असण्याची होती. तिने त्या अर्ध्याला घट्ट धरलं. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "अगं, आमच्याकडे वरचं खाली झालं तर माणूस मरतं. तुमच्याकडे काय, बर्फच तो." तिला तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

निकाल आले आणि संस्थेत आनंदीआनंद झाला. नेमक्या तेराशे चारमध्ये काहीतरी सापडलं होतं. त्या हातभर बर्फात सहा-सात वर्षं होती. आधी धुराचा मोठा थर, त्याच्या दोन वर्षांनंतर ज्वालामुखीचं आम्ल. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी जंगलं पेटली ती ज्वालामुखीमुळे नव्हे, त्याच्या आधीच. सरांचा लेख मोठ्या नियतकालिकात आला. केक कापला. पहिला तुकडा सरांनी तिला दिला. "हात यांचे," म्हणाले. 

मुलाचे टाके निघाले, हनुवटीखाली तांदळाएवढा पांढरा व्रण राहिला. तो जेवायला समोर बसला आणि त्याने मान वर केली, की तिला कांडी आठवायची. मग ती उगीचच त्याच्यावर खेकसायची. "नीट बस. खाली बघून जेव." त्याला बिचाऱ्याला काय कळणार.

पाच वर्षं गेली. मग भिंगरी आली.

खरं नाव वेगळं, पण जिने दोन दोन पायऱ्या गाळून चढणारी आणि तीन वाक्यं एका दमात बोलणारी ती मुलगी बघून भांडारपालानेच हे नाव ठेवलं, आणि चिकटलं. संशोधनासाठी तिला दुसऱ्याच दोन ठिकाणांहून आलेल्या कांड्या दिल्या होत्या. "मावशी, तुम्ही आत गेलात की मला वाटतं कुणीतरी दुधी फ्रीजमध्ये ठेवलाय," असं तोंडावर म्हणायची. मावशींनी एकदा तिला बिस्किटांवर दुपार काढताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून डब्यात ब्रेड-आमलेट दोघींपुरतं यायला लागलं.

"घरी ओरडत नाहीत का, दोघींचं करता म्हणून?"

"घरी माझं ऐकून घेतात. मी उणे वीसची आहे."

तिची प्रत्येक कांडी मावशींनी डोळ्यांत तेल घालून कापली. एका ठिकाणच्या बर्फात आम्ल होतं, दुसऱ्या ठिकाणच्यात धूर; दोन्हीकडचे थर मोजून वर्षं जुळवली, आणि दीड वर्षाने भिंगरीचा निकाल आला: आधी ज्वालामुखी, मग धूर. ज्वालामुखीने पाऊस आटवला, रानं वाळली, मग पेटली. सरांच्या लेखाच्या बरोबर उलट.

सरांनी तिला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. मावशी तेव्हा टेबलावर चहाचे पेले ठेवत होत्या. "तुम्ही वर्षं मोजायला चुकलात," सर म्हणाले. "घाई अंगाशी येते ती अशी. परत मोजा."

संध्याकाळी उबदार खोलीत भिंगरी आली. त्या दिवशी ती एकेक पायरी चढून आली होती.

"मावशी, एक विचारू? रागावू नका. जुन्या कामातली ती तेराशे चार तुम्हीच कापली होतीत ना? त्यात काही गडबड तर नव्हती?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. उत्तर जिभेवर होतं. पण मुलीने विचारलं होतं ते हातांबद्दल, ज्या हातांवर तिने वीस वर्षं मलम लावलं नव्हतं. तिला आधी राग आला, आणि रागाच्या पाठोपाठ शब्द.

"माझ्या हातून गडबड होत नसते."

"झालं तर मग," भिंगरी म्हणाली. तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं की वाढलं, ते कळलं नाही. "तुम्ही म्हणता म्हणजे नाहीच. माझंच कुठेतरी चुकतंय."

आणि ती आपली चूक शोधायला गेली. वर्षभर शोधली. आधी डबा खायला यायची थांबली, मग हसायची. एक दिवस तिच्या टेबलावर दुसऱ्याच कुणाची पुस्तकं दिसली. शहराच्या पाणी तपासणी विभागात लागली म्हणे. मावशींनी तिच्या वाटणीचं आमलेट नंतरही कितीतरी दिवस केलं, सवय म्हणून. संध्याकाळी तसंच घरी न्यायचं आणि मुलाला द्यायचं. "माझ्यासाठी आणलंस?" तो विचारायचा. ती हो म्हणायची.

आता निवृत्तीला दोन महिने राहिले होते, आणि नव्या कांड्यांचा डबा यायचा होता. साठ्यात जागा नव्हती. जुन्या फळ्या वितळवून टाकायचं ठरलं. यादी तिच्याकडे आली, खाली सही करायची. तिसऱ्या पानावर, वरून सातवी ओळ: तेराशे चार.

एक सही, की संपलं. कुणी, कधी, काही विचारू शकणार नव्हतं. सासूबाई म्हणायच्या तसं उन्हात ठेवायचं फक्त.

चार दिवस यादी तिच्या खणात राहिली. पाचव्या दिवशी, रविवारी, मुलगा घरी आला होता. आता वीस वर्षांचा, बाहेरगावी शिकणारा. तो आरशापुढे दाढी करत होता आणि ती दारात उभी होती.

"हा व्रण कसला गं? मला पडल्याचं आठवत नाही. तू अंतराळवीर झाली होतीस तेवढंच आठवतं."

"तू पडलास आणि मी धावत आले," ती म्हणाली.

"मग इतकी वर्षं माझ्या हनुवटीकडे रागाने का बघतेस?"

त्याने सहज विचारलं होतं, ब्लेड धुता धुता. 

सोमवारी तिने तेराशे चारची पिशवी साठ्यातून काढली आणि सरांकडे गेली. सर आता निवृत्त होते, आठवड्यातून दोनदा येत. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, काचेवरची टकटक, पाठीमागचं टेबल, सातची पाळी. भिंगरीने काय विचारलं आणि आपण काय म्हणालो, तेही.  सर म्हणाले, "फळीवर बाण आहे?"

"आहे."

"चला."

मापाचा पोशाख न मिळाल्याने सर बाह्या दुमडून आत आले. तिने फळी रंध्याने गुळगुळीत केली. विजेच्या दोन टोच्या बर्फावर टेकवून सरळ ओढत न्यायच्या, एवढीच ती परीक्षा. आम्ल असेल तिथे पडद्यावरची रेघ वर चढते, धूर असेल तिथे खाली बसते. तडकलेल्या बर्फावर ती कुणी केलीच नव्हती. तिने बाणाच्या शेपटीपासून, जुन्या वर्षांकडून सुरुवात केली.

रेघ आधी चढली. टेकडीसारखी. मग सपाट चालली, आणि मग खड्ड्यात पडली.

आधी ज्वालामुखी, मग धूर.

"परत करा," सर म्हणाले. परत केलं. तिसऱ्यांदा सरांनी स्वतः टोच्या धरल्या. रेघ तीच आली.

बाहेर आल्यावर ते बराच वेळ चष्म्यावरचं धुकं पुसत राहिले. "टोकांचे आकडे मागच्यापुढच्या कांड्यांशी जुळत नव्हते, ते मला दिसलं होतं," ते म्हणाले. "मी म्हटलं, मधला बर्फ गळला असेल. मला तसंच हवं होतं." मग हळूच, "त्या मुलीला मी काय काय बोललो, बाई. तुम्ही तिथेच होतात."

"पेले ठेवत होते."

"मी दुरुस्तीचं पत्र छापायला पाठवतो. तिचं नाव वर घालून. पण तिला तुम्ही सांगा."

पाणी तपासणीची प्रयोगशाळा तळमजल्यावर होती. ओळीने बाटल्या, प्रत्येकीवर भागाचं आणि नळाचं लेबल. भिंगरी वळली, आणि क्षणभर मावशींना ओळखच पटेना, इतकी ती सावकाश वळली.

"मावशी? तुम्ही उन्हात कशा?"

मावशींना हसू आलं नाही. त्यांनी सांगितलं. सरांना सांगितलं तेवढंच, पण आता शब्द सापडायला वेळ लागत होता. भिंगरी ऐकत होती. तिच्या हातात एक बाटली होती, ती तिने खाली ठेवली नाही.

"मी विचारलं होतं ना तुम्हाला?" ती शेवटी म्हणाली.

"हो."

"नेमकं तेच विचारलं होतं."

"हो गं."

"मी वर्षभर माझी वर्षं मोजत होते. थर मोजायचे, परत मोजायचे. सगळे म्हणतात दोन-तीन वर्षं कुठेतरी हरवलीत, आणि मला सापडेनात. शेवटी मी घातली. नसलेली वर्षं घातली, मावशी, तुमच्या त्या कांडीशी जुळावं म्हणून. आणि मग मला वाचवेनाच ते." तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही नुसतं म्हणाला असतात, की माहीत नाही. तेवढ्यानेही चाललं असतं."

"मला माहीत आहे."

"तेव्हाही माहीत होतं?"

"तेव्हाही."

मावशींनी सरांचं पत्र पुढे केलं. त्यात तिला परत बोलावलं होतं. भिंगरीने ते वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. येते म्हणाली नाही, येत नाही म्हणूनही सांगितलं नाही. "मुलाची हनुवटी बरी आहे ना?" तिने विचारलं. त्यात टोमणा होता का, हे मावशींना पुढे कितीही विचार करून ठरवता आलं नाही.

"बरी आहे."

"मग झालं. मला दुपारपर्यंत एवढ्या संपवायच्यात."

मावशी बाहेर आल्या. रस्त्याच्या कडेने खिडकी होती, आतलं सगळं दिसत होतं. त्या थांबायचं नाही असं ठरवून थांबल्या. भिंगरीने हातातल्या बाटलीतलं पाणी यंत्रात घातलं, आकडा बघितला, वहीत लिहिला. बाटली पलीकडच्या रांगेत ठेवली. पुढच्या बाटलीकडे हात नेला आणि तो मध्येच थांबला.

मग ती वळली, आणि तिने तपासून झालेली तीच बाटली पुन्हा उचलली.